तिसरा नॉब

५ फेब्रुवारी

वन्सं म्हणाल्या, "करार होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव. जे जे बोलावंसं वाटेल ते कुठेतरी लिहून काढ." म्हणून ही डायरी. मिस्त्रीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वायरवाल्या दुकानदाराने भेट दिलेली आहे, कव्हरवर तांब्याच्या वायरीचं वेटोळं. आजवर हिच्यात फक्त फ्रिजमध्ये गॅस भरणाऱ्याचा फोन नंबर होता.

तर झालं असं, की गिटार बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आज घरी आला. माझ्या नावाची इलेक्ट्रिक गिटार काढायची म्हणतात. दोनशे नग, प्रत्येकावर नंबर, वरच्या टोकाला माझी सही, आणि दोनशे झाले की साचा बंद. मग कुणी कितीही नाक घासलं तरी दोनशे एकावी मिळणार नाही. माणूस इतका गोड बोलतो की त्याच्या चहात साखर घालायची मी विसरले आणि त्याला कळलंसुद्धा नाही. त्याचं नाव मी गोडबोल्या ठेवलंय.

"मॅडम, आमच्या अख्ख्या पिढीने तुमचे व्हिडिओ बघून गिटार हातात घेतली." असं हरभऱ्याच्या झाडावर चढवून झालं आणि मग हळूच पुडी सोडली. बायकांसाठी जरा हलकी करू या. नेक, म्हणजे गिटारीचा दांडा, बारीक करू या. रंग जांभळा ठेवू या.

डोक्यात तिडीकच गेली. पलंगाखालून पेटी ओढली, माझी हिरवी बाहेर काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "घ्या, खांद्याला लावा आणि एक तास उभे राहा. मग बोलू बायकांचं." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हिरवी म्हणजे धोंडा आहे धोंडा. लाकूड कुठलं ते देवाला ठाऊक. रंग मिस्त्रीने लोखंडी कपाट रंगवून उरलेल्या डब्यातला. गोडबोल्या त्याला "विंटेज ऑलिव्ह" म्हणायला लागला. मी सांगितलं, याला कपाटाचा हिरवा म्हणतात, आणि जाहिरातीत तेच छापायचं.

शेवटी कबूल झाला. "हुबेहूब करू, मॅडम. ओरखड्यांसकट."

"हा शब्द लक्षात ठेवा," म्हटलं. "हुबेहूब."

गिटार मापांसाठी घेऊन जातो म्हणाला, तेव्हा मात्र मिस्त्री उठला. इतका वेळ मूग गिळून बसला होता. "गिटार घराबाहेर जाणार नाही. फोटो काढा, मापं इथे घ्या." गोडबोल्या गांगरला, मीही. हिरवीला मिस्त्रीशिवाय कुणी उघडत नाही हे खरंच आहे. लग्नाच्या आधीपासूनची रीत आहे आमच्यात. मी वाजवायचं, त्याने स्टेजच्या कडेला खिशात पेचकस आणि टॉर्च घेऊन उभं राहायचं. बाकी दिवसभर त्याचं आपलं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. पण पाहुण्यासमोर एवढं फिस्कारायचं काय कारण?

मला वाटतं जळतोय. जन्मभर माझे अँप, ते स्पीकरचे जड खोके, उचलले आणि सही मात्र एकटीची. वाईट वाटलं त्याचं. थोडंच.

९ फेब्रुवारी

सही पाठवा म्हणे. आता माझी सही म्हणजे चपलेखाली आलेलं झुरळ. बँकवालेसुद्धा दर वेळी परत पाठवतात. दोन कागद भरून सराव केला, एक दुसरीसारखी येईल तर शपथ. वन्सं, म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहीणबाई, खालच्या मजल्यावर राहतात आणि आमच्याकडे जगतात. त्यांनी चष्मा नाकावर घेऊन सगळ्या सह्या तपासल्या आणि म्हणाल्या, "यातली त्यातल्या त्यात जिवंत कुठली दिसते ती पाठव."

डाव्या कोपऱ्यातली पाठवली.

१६ फेब्रुवारी

मापं घरी नीट जमेनात, म्हणून हिरवी कारखान्यात आणा म्हणाले. मिस्त्री दोन दिवस म्हणत होता, मी येतो, मीच उघडून दाखवतो. त्याच्या दुकानात आज नेमकं कुणाच्या तरी लग्नघरच्या पंख्यांचं काम आलं. मी म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? टॅक्सी केली आणि हिरवीला घेऊन एकटी गेले कारखान्यात.

काय जागा आहे! भुशाचा वास नुसता. छताला आकड्यांवर नेकच्या रांगा टांगलेल्या, आणि एका लांब टेबलाशी बायका बसून भिंगाखाली पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाची, तार गुंडाळतात. एका खोलीत एक माणूस नव्याकोऱ्या गिटारीला किल्ल्यांच्या जुडग्याने ओरखडे पाडत होता. विचारलं तर म्हणे लोकांना नवी गिटार जुनी दिसलेली हवी असते. म्हटलं, मला उलटं करून देता का कुणी?

तिथली इंजिनिअर एक चष्मेवाली मुलगी आहे. कमी बोलते, नीट ऐकते. तिला नॉब समजावले. हिरवीला तीन आहेत. पहिला आवाज कमी-जास्त करणारा, दुसरा धार कमी-जास्त करणारा. तिसरा माझा. सोलो घ्यायच्या आधी हा तिसरा नखभर मागे घ्यायचा, बस. आवाज गोल होतो. धार जाते, दम राहतो. असं का होतं ते मला ठाऊक नाही, आणि घ्यायचंही नाही ठाऊक करून.

गोडबोल्याने मोबाइलवर दाखवलं, या तिसऱ्या नॉबवर लोक काय काय बोलतात. कुणी म्हणतं आत जुन्या रेडिओचा भाग आहे, कुणी म्हणतं बाहेरून मागवलेलं काहीतरी आहे. भांडणं चाललीयत! एक तरुण माझा सोलो माझ्यासारखा वाजवून दाखवत होता. नॉब फिरवला आणि मान डावीकडे वळवली, अगदी मी वळवते तशी. आता माझी मान धरते, म्हणून मी वळवत असेन. तिचीही नक्कल! मला हसू आवरेना.

"मॅडम, लोक गिटार घेत नाहीत, हा नॉब घेतायत," गोडबोल्या म्हणाला.

गिटार तिथेच ठेवून आले. घरी आल्यावर मिस्त्रीला सांगितलं तर त्याचं तोंड उतरलं. "उघडणार आहेत का ते?" "उघडल्याशिवाय कसं कळणार आत काय आहे?" तो कुणाचा तरी मिक्सर समोर घेऊन बसला होता, त्याचं झाकण उघडत होता आणि लावत होता.

२० फेब्रुवारी

कारखान्यातून फोन. चष्मेवाली म्हणाली, "ताई, तुम्ही येऊन बघाल का? फोनवर सांगण्यासारखं नाही."

गेले. हिरवी टेबलावर पालथी, पाठीमागचं झाकण काढलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या पोटात बघितलं. पहिल्या नॉबला वायरी, दुसऱ्याला वायरी. तिसऱ्याला काही नाही. नुसता फिरतो. गोल गोल.

"तुटली असेल वायर," मी म्हटलं.

"तुटलेली नाही. काढलीय." तिने चिमट्याने दाखवलं. वायरीचं टोक कापून वर काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं.

ते दुमडलेलं टोक मी ओळखलं. अख्ख्या जगात एकच माणूस टेप अशी लावतो. पुढच्या दुरुस्तीवाल्याला नखाने उकरत बसायला लागू नये, म्हणून. आमच्या घरातल्या इस्त्रीच्या वायरीवर आहे, टेबलाच्या दिव्यावर आहे, वन्संच्या चष्म्याच्या काडीवरसुद्धा आहे.

चष्मेवाली बिचारी हळूच म्हणाली, "टेप फार जुनी आहे, ताई. डिंक पार वाळलाय." म्हणजे तिला सांगायचं होतं की मी एवढी वर्षं जे फिरवत आले ते रिकामं होतं. मी म्हटलं, "अगं, पण आवाज बदलतो. मला ऐकू येतो ना." गोडबोल्या खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, नुसती भिंत.

त्याच दिवशी

घरी येऊन विचारलं. आडवळण घेतलं नाही.

मिस्त्री खुर्चीत बसला आणि सगळं सांगून टाकलं. मोठ्या हॉलमधल्या माझ्या पहिल्या कार्यक्रमाची गोष्ट. दुपारी नॉब खरखरायला लागला होता. बाजार बंद, नवा पार्ट मिळेना. कार्यक्रमात खरखर झाली तर सगळी अब्रू जाईल म्हणून त्याने वायर काढून टाकली. "सांगणारच होतो तुला. पण तू पडद्यामागे अशी थरथरत होतीस, दात वाजत होते तुझे."

"आणि नंतर?"

"नंतर तू हसत खाली आलीस. म्हणालीस, मिस्त्री, तिसऱ्याला काय केलंस रे? लोण्यासारखा फिरला आज. त्याआधी तुला स्टेजवरून हसत उतरताना कधी बघितलं नव्हतं मी."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं!"

"दुसऱ्या दिवशीही हसत होतीस."

"आणि दहा वर्षांनी? वीस वर्षांनी?"

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, वन्संनी खालून ऐकलंय तेवढं पुरे. मूर्ख बनवलंस मला, म्हटलं. जगाने माझं कौतुक केलं तेव्हा कडेला उभा राहून मनात हसत असशील. त्यावर तो म्हणाला, "हसलो नाही कधी." ते मला माहीत आहे. हसला असता तर बरं झालं असतं, मारता तरी आलं असतं.

शेवटी सांगितलं, की आता गिटारीच्या जवळपास फिरकायचं नाही. सरावाला नाही, आणि ती दाखवायच्या कार्यक्रमाला तर मुळीच नाही. तुझं तोंड दिसायला नको मला तिथे.

पेचकस खिशात घातला आणि खाली गेला. वन्संचा पंखा बिघडलाय म्हणे. वन्संचा पंखा गेल्याच महिन्यात नवा घेतलाय.

२७ फेब्रुवारी

कंपनीने हिरवी परत दिलीय, सरावाला हॉल दिलाय, साथीला दोन तरुण दिलेत. २० मार्चला हिरवीच्या बहिणी लोकांना दाखवायच्या आणि मी वाजवायचं. स्टेजवर सहा वर्षं गेले नाही मी. कुणी बोलावलं नाही हे एक, आणि कुणी बोलावलं असतं तरी... असो.

आज नुसता गोंधळ. सगळं बरं चालतं आणि सोलो आला की हात तिसऱ्या नॉबकडे जातो. फिरवते. डोकं म्हणतं, कशाला गं? रिकामा आहे. तेवढ्यात मान वळते, आणि पहिलाच सूर घसरतो. पाच वेळा घेतलं, पाचही वेळा पडले. साथीची पोरं गुणी आहेत, आपापल्या चपलांकडे बघत बसली.

घरी येऊन म्हटलं, गिटारच बिघडवून ठेवलीय या माणसाने. वन्सं म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं."

"तुमच्या भावानेच वाकडं केलंय अंगण," मी म्हटलं. तर म्हणाल्या, "तो अंगणात तरी होता. आता कोण आहे?"

काहीही बोलतात. वय झालंय.

६ मार्च

पहिला नमुना तयार. खरं सांगते, बघून डोळे भरून आले. तोच कपाटाचा हिरवा, तेच कोपऱ्यातले टवके, माझ्या मनगटाने घासून गेलेला पट्टा, आणि टोकाला माझं झुरळ. हातात घेतली तर वजनही तेच.

लावली अँपला. तिसरा नॉब मागे घेतला आणि आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा झाला.

"हे काय आहे?"

गोडबोल्या खुशीत होता. "मॅडम, आम्ही ती चूक दुरुस्त केली. आता नॉब खरंच काम करतो."

इतका संताप आला की डायरी नसती तर त्याचं काही खरं नव्हतं. म्हटलं, "कुणी सांगितलं दुरुस्त करायला? चूक असेल तर ती आमच्या घरची चूक आहे. मी त्या माणसाला शिव्या घालीन, उपाशी ठेवीन, नाहीतर माळ्यावर टाकीन, तो माझा प्रश्न. तुम्ही कोण त्याचं काम सुधारणारे? हुबेहूब म्हणाला होतात ना?"

"पण गिऱ्हाईक म्हणेल ना, रिकामा नॉब देऊन फसवलं!"

"मग माझी सही काढा आणि तुमची टाका. माझ्या नावाने जाईल ती माझीच गिटार जाईल. माझ्या गिटारीचा तिसरा नॉब रिकामा आहे."

म्हटलं खरं, आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. काय करतेय मी? ज्या खोडीवरून नवऱ्याशी बोलणं टाकलंय तीच खोडी दोनशे ठिकाणी करून मागतेय. पण घोंगडी मी नाही वाजवणार. मेले तरी नाही.

११ मार्च

आगीतून फुफाट्यात. गोडबोल्या आज पेढे वाटल्यासारखा चेहरा घेऊन आला. मालक तयार झाले, म्हणे. नॉब रिकामा ठेवू. फक्त कुणाला सांगायचं नाही. जाहिरात करून आणली होती. माझा फोटो, बोट नॉबवर, आणि खाली, 'आत काय आहे? फक्त तिला ठाऊक.' झाकणाला सील, सील तोडलं तर गॅरंटी संपली.

"लोकांना गूढ हवं असतं, मॅडम."

मी म्हटलं, "ऐका. एका माणसाने मला इतकी वर्षं सांगितलं नाही, त्याचा हिशेब माझा अजून मिटलेला नाही. आता मी दोनशे जणांना तसंच करू? त्या दोनशे जणांच्या घरी बायका-नवरे नसतील? ते मला काय म्हणतील?"

"मग काय करायचं म्हणता?"

"सरळ लिहायचं. तिसरा नॉब कशालाही जोडलेला नाही. मोठ्या अक्षरात."

"कोण घेईल मग?"

"ज्याला घ्यायची तो घेईल. नाहीच घेतली कुणी, तर दोनशे गिटारी माझ्या पलंगाखाली लावा. पलंग उंच आहे."

त्याने कपाळाला हात लावला. मग चष्मेवाली, जी एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली, "सर, मी घेईन एक." एवढंच. पण तिथून वारं फिरलं. सही नाही तर गिटार नाही, हे त्यालाही कळत होतं. जाताना त्याने स्वतःच ते वाक्य लिहून घेतलं. आणि पहिल्यांदाच काही गोड बोलला नाही.

चष्मेवाली मला दारापर्यंत सोडायला आली. "ताई, ती टेप तशीच लावायचीय आम्हाला. टोक दुमडून. आमच्या बायकांना जमत नाहीय, सुटतं. मिस्त्रींना विचारून सांगाल?"

आता आली का पंचाईत! आमचं बोलणं बंद. खाली जाऊन वन्संना सांगितलं, तुमच्या भावाला सांगा. भाऊ त्याच खोलीत, हातभर अंतरावर, दिव्याची वायर सोलत बसलेला. वन्सं त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "ही म्हणतेय की..." तो म्हणाला, "ऐकलं."

१५ मार्च

चष्मेवालीचा फोन होता. मिस्त्री दोन दिवस कारखान्यात जाऊन बसला. लांब टेबलावरच्या सगळ्या बायकांना टेप लावायला शिकवलं, एकीचा डबा खाल्ला, दुसरीचा भिंगाचा दिवा दुरुस्त करून दिला. मला एका अक्षराने बोलला नाही. बोलणार कसा, मीच बंद केलंय.

सराव तसाच. काल तर तिसऱ्या नॉबला हातच लावला नाही, म्हटलं बघू या. त्याने आणखीच वाईट झालं. म्हणजे फिरवला तरी पडते, नाही फिरवला तरी पडते. मला वाटतं एकदा कळल्यावर संपलंच ते. हे त्याने माझ्याकडून घेतलं, आणि याची माफी नाही.

१९ मार्च

टेबलावर नव्या तारांचं पाकीट ठेवलेलं दिसलं. त्यानेच ठेवलं असणार. मी स्वतःच बसवल्या. कितीतरी वर्षांनी. दुसरी तार बोटात घुसली, रक्त आलं. तो दारात उभा होता. पुढे यावं की न यावं असं करत होता.

"काही नको," मी म्हटलं.

उद्या पडले तर सगळ्यांसमोर पडेन. भीती वाटतेय हे कबूल करते, इथे कबूल करायला काय जातंय. पण शेपूट घालणार नाही. पडायचं तर उभं राहून.

२० मार्च

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

हॉल भरलेला. भिंतीला ओळीने हिरव्या गिटारी टांगलेल्या, आणि त्यांच्यासमोर लोक लहान मुलं मिठाईच्या दुकानात उभी राहतात तसे उभे. मला वाटलं होतं पोरं असतील. पण पोटं सुटलेली माणसंही होती, एक दाढीवाला दंतवैद्य होता, आणि ऑफिसातून थेट आलेली, खांद्याला पर्स असलेली एक बाई होती. तिने गिटार पर्सच्या वरूनच अडकवली होती.

गोडबोल्याने माइक दिला. म्हणाला, "दोन गोड शब्द." मी म्हटलं, "तिसरा नॉब कशालाही जोडलेला नाही."

सगळे हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. मी परत म्हटलं. "अहो, खरंच सांगतेय. आत वायर नाही. माझ्याही गिटारीत नाही. एका संध्याकाळी आमच्या मिस्त्रींनी ती काढली आणि मला सांगितलं नाही. मी आजवर रिकामा नॉब फिरवून तुम्हाला वाजवून दाखवलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आता ज्याला गिटार परत भिंतीवर लावायची त्याने लावावी. मी रागावणार नाही." जरा थांबले. "रागावेन. पण बोलणार नाही."

गोडबोल्या रुमालाने मान पुसत होता. मी म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे, आणि सुरू केलं.

पहिला भाग गेला. दुसरा गेला. सोलो आला. हात गेला नॉबवर, मला ठाऊक होतं रिकामा आहे, समोर सगळ्यांना ठाऊक होतं रिकामा आहे. तरी फिरवला. नखभर. मान वळली.

आणि कडेला, पडद्याच्या दांडीपाशी मिस्त्री उभा. खिशात टॉर्च. शेजारी वन्सं, हातात त्यांची पिशवी, ओढून आणला असणार त्याला. येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं ना! त्याने काहीच केलं नाही. नेहमी करतो तेच केलं. हनुवटी बोटभर खाली नेली आणि वर आणली.

कशी वाजवली मला सांगता येणार नाही. शुद्धच नव्हती. एवढं माहीत आहे की आवाज गोल आला. आला म्हणजे आला, कुणाला काय मोजायचं ते मोजा. खाली उतरले तेव्हा वन्सं म्हणाल्या, "दात कसले काढतेयस एवढे?"

नंतर लोक एकेक गिटार लावून बघायला लागले. आणि प्रत्येक जण, आत काही नाही हे माहीत असून, तिसरा नॉब फिरवत होता. पर्सवाल्या बाईने फिरवला, खांदे खाली सोडले आणि असा एक सूर लावला की साथीची पोरं वळून बघायला लागली. भिंतीवर परत एकही गेली नाही. गोडबोल्याला पुन्हा गोड बोलता यायला लागलं.

मग तो दाढीवाला दंतवैद्य आला. जाड बोटं, पण हात हलका. नॉब फिरवला, मान डावीकडे वळवली, तिकडे नुसती भिंत. थांबला. "ताई, एक विचारू? नॉब रिकामा, मान्य. पण तुमच्या प्रत्येक व्हिडिओत नॉब फिरवला की तुम्ही डावीकडे बघता. मी पण बघतो, इतकी वर्षं बघतोय. तिथे असतं काय?"

माझी मान धरते, असं सांगायला तोंड उघडलं. आणि डावीकडे बघितलं. मिस्त्री खाली बसून माझी केबल गुंडाळत होता, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, वेढ्यावर वेढा, एकही पीळ न पडू देता. सरावाच्या त्या सगळ्या संध्याकाळी तिकडे कुणी नव्हतं. मीच त्याला तिथून काढलं होतं.

"आमचे मिस्त्री असतात तिथे," मी म्हटलं.

"अरेच्चा! मग ते का नाही देत गिटारीबरोबर?"

"तो एकच नग निघाला," मी म्हटलं. "साचा तेव्हाच मोडला."

२२ मार्च

हिरवी हॉलवरून घरी आलीय. सकाळी बघते तर ती टेबलावर पालथी, झाकण उघडं, शेजारी वायरी जोडायचं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलेलं. मिस्त्रीने पुडीतून नवा पार्ट काढून माझ्यासमोर धरला. "आता जगाला कळलंच आहे. चांगला मिळाला, खरखरणार नाही. देऊ जोडून?"

"त्या टेपला हात लावून तर बघ."

त्याने पार्ट पुडीत ठेवला, झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले. मी चहा टाकला, दोन कप.

"रविवारी कार्यक्रम आहे," मी सांगितलं. "त्या पर्सवाल्या बाईच्या ऑफिसच्या लोकांनी बोलावलंय. चार वाजता निघायचं. आणि डावीकडे उभा राहा. उजवीकडे गेलास तर याद राख, मान धरते माझी."